चिठ्ठीशिवाय मागितलेली एकाग्रता

पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या जिथे मध्यरात्रीनंतरही रस्त्यावर दिसतात, त्या भागात मी औषधांचे दुकान चालवते. त्यामुळे लोकांच्या थकव्याचे बदलते रूप मला काउंटरच्या आतल्या बाजूने पाहायला मिळते. पूर्वी थकलेला माणूस टॉनिक मागत असे, बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप नेत असे किंवा नुसतेच ‘काहीतरी ताकदीचं द्या’ म्हणत असे. आता गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असलेला पंचविशी-तिशीतला तरुण मोबाइल पुढे करतो आणि पडद्यावरच्या गोळीचे नाव दाखवून विचारतो, ‘मॅडम, हे आहे का? लक्ष लागण्यासाठी हवंय.’ चिठ्ठी मागितली तर ती नसते, आणि आजार काय म्हणून विचारले तर तोही नसतो. सोमवारी रिलीज असते, अमेरिकेतल्या ग्राहकाशी रात्री बैठक असते, सहा महिन्यांनी अप्रेझल असते, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी ही गोळी घेऊन दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकतो अशी ऐकीव माहिती असते.

मागितली जाणारी गोळी बहुतेक वेळा मोडॅफिनिलची असते. फ्रान्समधल्या लाफों या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे औषध विकसित झाले आणि १९९४ साली तिथे, तर १९९८ साली अमेरिकेत, ते नार्कोलेप्सी या विकारासाठी मान्य झाले. नार्कोलेप्सीचा रुग्ण बोलता बोलता, जेवता जेवता, कधी गाडी चालवतानाही झोपेच्या आहारी जातो; अशा माणसाला दिवसभर जागे ठेवू शकणारे औषध हे त्याच्यासाठी वरदानच होते आणि आजही आहे. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी पाळ्यांच्या (शिफ्टच्या) कामामुळे होणाऱ्या झोपेच्या विकारासाठीही त्याला मान्यता दिली. युरोपच्या नियामकांनी मात्र २०१० मध्ये फायदा आणि धोका यांचा पुन्हा हिशेब मांडून हे औषध नार्कोलेप्सीपुरतेच वापरावे अशी शिफारस केली. या दोन निर्णयांमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाळीच्या कामाचा विकार हा शरीराने आपणहून निर्माण केलेला नसतो, तो कामाच्या वेळापत्रकाने निर्माण केलेला असतो. वेळापत्रक तसेच ठेवून माणसाला गोळी द्यायची, हा उपचार आहे की तडजोड, यावर दोन खंडांतल्या तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. आपल्याकडे तर तो प्रश्न डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही. तो दुकानाच्या काउंटरवरच सुटतो, आणि अनेक ठिकाणी तो चुकीचा सुटतो, हे याच व्यवसायात असल्यामुळे मी खेदाने लिहिते आहे.

उत्तेजक औषधे करतात काय, हे सोप्या भाषेत सांगता येते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांतून निरोप देतात आणि निरोप पोहोचला की ती रसायने परत शोषून घेतात. अवधानाच्या विकारावर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे परत शोषणे अडवते. ॲम्फेटामिन त्याच्या पुढे जाऊन पेशींमधला साठाच बाहेर काढते. मोडॅफिनिलचे कार्य थोडे वेगळे आणि सौम्य असले तरी डोपामिनचे शोषण तेही रोखते. परिणामी समोरचे काम अधिक मोलाचे वाटू लागते, कंटाळा मागे सरतो आणि थकव्याची जाणीव बोथट होते. थकवा मात्र जागच्या जागी राहतो. पराणी टोचल्यावर बैल वेगाने चालतो, पण म्हणून त्याच्या पोटात चारा गेलेला नसतो. मोडॅफिनिलचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला बारा ते पंधरा तास लागतात. दुपारी चारला घेतलेल्या गोळीचा जवळजवळ अर्धा भाग दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत शरीरात असतो. त्या रात्री झोप लागली नाही, तर सकाळी पुन्हा गोळीची गरज भासणे ओघानेच आले.

एकाच बिलावर सकाळी जागे ठेवणारी गोळी आणि रात्री झोपवणारी गोळी अशी जोडी दिसू लागली, की मला धोक्याची घंटा ऐकू येते. यातल्या दुसऱ्या गोळीची सवय पहिलीपेक्षा अधिक चिवट असते, आणि पहिली सुरू करताना तिचा विचार कोणीच केलेला नसतो. त्याखेरीज भूक मरते, छातीत धडधडते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. फार क्वचित, पण होतात तेव्हा जिवावर बेतणारे असे त्वचेवरचे गंभीर पुरळ मोडॅफिनिलने उद्भवू शकतात. आणखी एक गोष्ट, जी चिठ्ठीशिवाय गोळी घेणाऱ्या मुलींना जवळजवळ कधीच माहीत नसते: मोडॅफिनिलमुळे यकृतातली औषधे विघटित करणारी यंत्रणा वेगवान होते आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो; मोडॅफिनिल थांबवल्यानंतरही किमान महिनाभर हा धोका राहतो. त्यातच गरोदरपणात हे औषध घेतल्यास बाळात जन्मजात दोष उद्भवू शकतात, असा इशारा अनेक देशांच्या नियामकांनी दिलेला आहे. स्ट्रिप कागदी पुडीत घालून देणारा दुकानदार यातले एक अक्षरही सांगत नाही, कारण सांगायचे तर आधी चिठ्ठी मागावी लागेल.

कामासाठी उत्तेजक घेण्याची कल्पना आपल्या पिढीची आहे असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. ॲम्फेटामिन १८८७ साली बर्लिनमध्ये प्रथम तयार झाले. त्याचेच जवळचे भावंड असलेले मेथॲम्फेटामिन नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये बनवले. जर्मनीत ते १९३८ पासून पेर्व्हिटिन या नावाने गोळ्यांच्या रूपात सर्रास विकले गेले आणि १९४० च्या उन्हाळ्यातल्या फ्रान्सवरच्या चढाईत सैनिकांना कोट्यवधी गोळ्या पुरवल्या गेल्या. मला यात जपानचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण ते रणांगणापुरते राहिले नाही. हिरोपोन या नावाने १९४१ पासून विकल्या गेलेल्या या औषधाची जाहिरातच थकवा आणि झोप घालवण्यासाठी केली जात असे, आणि युद्धकाळात सैनिकांबरोबर दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांनाही ते मिळत होते. युद्ध संपले, लष्करी साठे बाजारात आले, आणि उद्ध्वस्त देश पुन्हा उभा करण्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या समाजाला व्यसनाने ग्रासले. १९५१ मध्ये जपानला उत्तेजकांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात त्या कायद्याखाली पंचावन्न हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. त्या लोकांची सुरुवात चैनीसाठी झाली नव्हती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिली गोळी काम वेळेत पूर्ण व्हावे म्हणून मिळाली होती.

आजची औषधे आणि तेव्हाचे मेथॲम्फेटामिन एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. मिथाइलफेनिडेट आणि मोडॅफिनिल वैद्यकीय देखरेखीखाली पुष्कळ सुरक्षित आहेत. म्हणून खरा प्रश्न असा उरतो, की निरोगी माणसाने ती घेतली तर त्याचे काम सुधारते का? मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला यासाठी फार उपयोगी वाटतो, कारण त्यात दिलेले काम कचेरीतल्या कामासारखे होते. अठरा ते पस्तीस वयोगटातल्या चाळीस निरोगी स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर काही वस्तू दाखवल्या जात. प्रत्येक वस्तूची एक किंमत आणि एक वजन, आणि समोर ठरावीक वजनच पेलणारी एक पिशवी. ठरलेल्या वेळात पिशवीत अशा वस्तू भरायच्या की एकूण किंमत जास्तीत जास्त होईल. ऐकायला सोपे असले तरी हे गणित चिवट असते. एक वस्तू काढून दुसरी घातली की आधीची सगळी जुळवाजुळव बिघडते. त्याच माणसांनी वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन (ॲम्फेटामिनचाच एक प्रकार), मोडॅफिनिल आणि औषध नसलेली गोळी घेऊन ही कोडी सोडवली. औषधाच्या दिवशी ते अधिक वेळ झटले, त्यांनी वस्तू अधिक वेळा आत-बाहेर केल्या, पण पिशवीत जमलेली किंमत घटली. हालचाली वाढल्या आणि त्यांतला विचार विस्कळीत झाला. औषधाशिवाय सरासरीपेक्षा सरस असलेली माणसे औषध घेतल्यावर बऱ्याचदा सरासरीच्या खाली घसरली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, निरोगी तरुणांना ॲम्फेटामिनच्या क्षारांचे मिश्रण दिले होते. त्यांच्या बौद्धिक चाचण्यांतल्या कामगिरीत म्हणावा असा फरक पडला नाही, मात्र आपली कामगिरी सुधारली असे त्यांना औषधाच्या दिवशी अधिक वाटले. माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे. काउंटरसमोर उभा असलेला तरुण जेव्हा सांगतो की मित्राला या गोळीने प्रचंड फरक पडला, तेव्हा मित्र खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखरच वाटलेले असते. परंतु ज्या इंद्रियाने फरक मोजायचा त्याच इंद्रियावर औषधाचा परिणाम झालेला असताना ती मोजणी विश्वासार्ह राहत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. जर्मनीत बुद्धिबळपटूंवर झालेल्या प्रयोगात मोडॅफिनिल आणि मिथाइलफेनिडेट घेतलेल्यांनी प्रत्येक चालीवर अधिक वेळ घालवला आणि त्यामुळे अधिक डाव घड्याळावर गमावले. मात्र वेळेअभावी हरलेले डाव बाजूला काढले तर त्यांचा खेळ काहीसा सुधारलेला आढळला. म्हणजे परिणाम शून्य आहे असे नाही. वेळेचे बंधन सैल असेल, काम एकसुरी असेल किंवा माणूस झोपेला पारखा झालेला असेल तेव्हा फायदा दिसतो. गुंतागुंतीच्या निर्णयांच्या कामात, जे करण्यासाठी हे तरुण पगार घेतात, तो फायदा हातात राहत नाही.

या वादात गणितज्ञ पॉल एर्डिश यांचा दाखला हमखास दिला जातो. ते ॲम्फेटामिन घेत असत. १९७९ मध्ये रोनाल्ड ग्रॅहम या गणितज्ञ मित्राने पैज लावली की तुला महिनाभर त्याशिवाय राहता येणार नाही. एर्डिश यांनी पाचशे डॉलरची ती पैज जिंकली आणि नंतर तक्रार केली की या महिन्यात कोऱ्या कागदाकडे पाहिले तर फक्त कोरा कागदच दिसत होता, गणित एका महिन्याने मागे पडले. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. एर्डिश यांनी ही औषधे घ्यायला सुरुवात केली ती १९७१ मध्ये आईच्या मृत्यूनंतर आलेल्या खिन्नतेतून. एकाहून मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच, याची त्यांची देखणी सिद्धता १९३२ सालची, ते विशीत येण्याआधीची. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीच्या प्रमेयाची प्राथमिक पद्धतीची सिद्धता त्यांनी आणि आटले सेलबर्ग यांनी शोधली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. ज्या कामांनी एर्डिश हे एर्डिश झाले, त्यांतली कितीतरी गोळीच्या आधीची आहेत. आणि तो कोरा कागद? नियमित घेतलेले उत्तेजक अचानक थांबवले की मन काही आठवडे निरुत्साही आणि रिकामे होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. त्या महिन्यात एर्डिश यांना औषधाविना असलेले आपले मूळ मन दिसले, असे मी मानत नाही. औषध सोडणाऱ्याचे मन दिसले असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

इथपर्यंत वाचून ही औषधेच वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्या निष्कर्षाची किंमत भलतेच लोक मोजतात. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवता न येण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, लहानपणापासून असतो आणि अनेकांत मोठेपणीही राहतो. चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनविकार असलेल्या मुलांना ॲम्फेटामिन दिले, तेव्हा त्यांच्यातली अनेक मुले शाळेच्या अभ्यासात रमलेली पाहून त्यांना आश्चर्य वाटले होते. तेव्हापासून इतका पुरावा जमला आहे की योग्य निदान झालेल्या रुग्णासाठी मिथाइलफेनिडेट हे भरवशाच्या औषधांपैकी एक मानले जाते.

पण ते मिळवणे सोपे नाही. आपल्या कायद्यात मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये मोडते. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, औषध कुलूपबंद कपाटात ठेवावे लागते, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. हा व्याप नको म्हणून बहुतेक दुकाने ते ठेवतच नाहीत. परिणाम असा, की ज्याच्यापाशी निदान आहे, चिठ्ठी आहे, तो रुग्ण डेक्कनपासून वाकडपर्यंत दुकाने पालथी घालतो, आणि ज्याच्यापाशी यातले काहीच नाही त्याला मोडॅफिनिलची स्ट्रिप कोपऱ्यावर मिळते. माझ्याकडे नियमित येणारी एक तरुणी आहे. सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात आहे. तिचे निदान तिशीनंतर झाले. तोपर्यंत घरात तिला आळशी, धांदरट, वेंधळी अशी विशेषणे मिळत होती. पहिला महिना संपल्यावर ती मला म्हणाली, ‘ताई, मी एक ई-मेल लिहायला घेतला आणि तोच पूर्ण करून पाठवला. असं होतं हेच मला माहीत नव्हतं.’ मी कपाटाचे कुलूप काढून नोंदवही भरत असते तेव्हा ती चिठ्ठीवरचा मानसोपचार विभागाचा शिक्का तळहाताने झाकून उभी असते. मागे कोणी ओळखीचे उभे राहील, ही भीती तिच्या डोळ्यांत दिसते. चिठ्ठीशिवाय मोडॅफिनिल मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा संकोच मला क्वचितच दिसतो. त्याच्या दृष्टीने तो कामाचे एक साधन मागत असतो, आणि साधन मागण्यात लाज ती कसली? विकारावर औषध घेणाऱ्याने लपावे आणि विकार नसताना घेणाऱ्याने मिरवावे, ही आपल्या समाजाने करून ठेवलेली उलटापालट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

तिच्याइतकाच आणखी एक तरुण माझ्या मनात राहिला आहे. मूळचा लातूरकडचा, अंगाने स्थूल, बोलायला अदबशीर. दिवसा बैठकांत डोळे मिटतात, म्हणून त्याला मोडॅफिनिल हवे होते. मी चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटल्यावर तो रागावला नाही, काउंटरला टेकून उभा राहिला. मी विचारले, ‘रात्री किती झोपतोस?’ तो म्हणाला, ‘सात-आठ तास होतात की ताई. पण सकाळी डोकं जड असतं. रूममेट म्हणतात मी फार घोरतो.’ मी रक्तदाब मोजला. त्या वयाला शोभू नये इतका होता. त्याला फिजिशियनकडे पाठवले आणि पुढे झोपेच्या तपासणीत कळले की झोपेत त्याचा श्वास पुन्हा पुन्हा अडत होता. आता तो रात्री नाकावर यंत्र लावून झोपतो. गोळी मिळाली असती तर त्याचे डोळे उघडे राहिले असते, कदाचित अप्रेझलही चांगले झाले असते, श्वास मात्र रोज रात्री अडतच राहिला असता आणि चढलेला रक्तदाब आणखी चढला असता. लक्ष लागत नाही या एका तक्रारीमागे थायरॉईड असू शकते, मुलींमध्ये अनेकदा रक्तक्षय असतो, नैराश्य असते, एडीएचडी असते, किंवा यातले काहीही नसून रोज पाचच तास मिळणारी झोप असते. हे वेगळे करणे डॉक्टरचे काम आहे. ते ना माझे, ना मित्राचे.

पाचच तास मिळणाऱ्या झोपेचे उत्तर तर डॉक्टरकडेही नाही. तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे नारायण मूर्ती यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये म्हटले तेव्हा देशभर चर्चा झाली. वाकडहून निघून हिंजवडीच्या वाहतुकीत रोज जाणारे तास आणि अमेरिकेच्या वेळेनुसार होणाऱ्या रात्रीच्या बैठका त्या सत्तरात धरायच्या की वेगळ्या, याविषयी त्या चर्चेत मला फारसे वाचायला मिळाले नाही. कंपन्या योगाचे वर्ग घेतात, ध्यानाची ॲप विकत घेऊन देतात. त्याऐवजी रात्री अकराची बैठक आळीपाळीने समोरच्या देशाच्या रात्री घ्यायची असे ठरवले, तर माझ्या काउंटरवरच्या अशा मागण्या निश्चित घटतील, असे मला मनापासून वाटते. नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांपर्यंतही आता या गोळ्यांची नावे पोहोचली आहेत, असे तिकडचे माझे व्यवसायबंधू सांगतात. नोकरीत शिरण्याआधीच ही सुरुवात झाली, तर पुढे नोकरीत किती वाढेल याची मला काळजी वाटते.

त्या तरुणीला अलीकडे एक नवाच त्रास सुरू झाला आहे. एका सहकाऱ्याने तिच्या पर्समधली स्ट्रिप पाहिली, आणि आता रिलीज जवळ आले की टीममधून कोणी ना कोणी ‘एकच गोळी दे ना’ म्हणत येते. शेड्यूल एक्सचे औषध असे वाटणे गुन्हा आहे, आणि समोरच्याला हृदयाचा त्रास आहे की नाही हे तिला माहीत असण्याचे कारण नाही, हे मी तिला समजावले. ती म्हणाली, ‘ते मी सांगितलंच ताई. पण त्यांना वाटतं, ही गोळी घेऊन मी त्यांच्या पुढे जाते. मी त्यांच्यापर्यंत पोहोचते, एवढंच. आणि एक गोळी दिली तर महिन्याच्या शेवटी एक दिवस मला ऑफिसात नुसतं बसून राहावं लागेल.’ पुढच्या वेळी तिने डॉक्टरांकडून कामाच्या ठिकाणी देण्यासाठी एक पत्र आणले. मनुष्यबळ विभागाला ते द्यावे की नाही, यावर तिचा निर्णय अजून झालेला नाही.